अनुभव आणायचा कुठून? : नर्सिंगच्या पहिल्या नोकरीविषयी वाचकांचे प्रश्न

नर्सिंगचे शिक्षण पूर्ण करूनही पहिली नोकरी न मिळाल्याची पत्रे गेल्या काही महिन्यांत या सदराकडे सातत्याने येत आहेत. त्यांपैकी तीन पत्रे या अंकासाठी निवडली असून पत्रलेखकांची नावे आणि गावे वगळली आहेत. शासकीय आणि खासगी अशा दोन्ही रुग्णालयांत काम करून अधिसेविका (रुग्णालयातील परिचारिकांच्या प्रमुख) पदावरून निवृत्त झालेल्या आमच्या सल्लागार त्यांना उत्तरे देत आहेत.

प्रश्न : आदरणीय मॅडम, सप्रेम नमस्कार. मी बीड जिल्ह्यातील एका खेड्यातील असून खासगी कॉलेजातून बी.एस्सी. नर्सिंग प्रथम श्रेणीत उत्तीर्ण झाले आहे. फीसाठी वडिलांनी बँकेचे कर्ज काढले होते, त्याचे हप्ते आता सुरू झाले आहेत. निकाल लागून आठ महिने झाले. पुणे, लातूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे मिळून वीस-बावीस हॉस्पिटलांत अर्ज दिले, त्यांपैकी बहुतेकांचे उत्तरच आले नाही. ज्यांनी मुलाखतीला बोलावले, त्यांनी ‘किमान एक वर्षाचा अनुभव हवा’ असे सांगून परत पाठवले. एका ठिकाणी व्हेंटिलेटरविषयी विचारले, ते मला नीट सांगता आले नाही. आता तालुक्याच्या गावी वीस खाटांचे एक हॉस्पिटल महिना सात हजार रुपयांवर मला घेण्यास तयार आहे, परंतु सर्व मूळ प्रमाणपत्रे दोन वर्षे त्यांच्याकडे जमा ठेवावी लागतील आणि मुदतीआधी नोकरी सोडल्यास पन्नास हजार रुपये भरावे लागतील. रिकामे बसण्यापेक्षा हे बरे, असे घरच्यांचे म्हणणे आहे. देशात परिचारिकांचा तुटवडा आहे असे सारखे वाचनात येते. मग मला कोणी का घेत नाही? नोकरीच मिळत नसेल तर अनुभव आणायचा कुठून?

उत्तर : तुझे पत्र दोनदा वाचले. वयाने तू माझ्या मुलीपेक्षाही लहान असशील, म्हणून एकेरीत लिहिते. पत्राच्या शेवटी ज्या हॉस्पिटलचा उल्लेख केला आहेस त्याविषयी आधी सांगते, कारण तिथे तुला लवकरच होकार किंवा नकार कळवावा लागणार असेल. मूळ प्रमाणपत्रे कोणाकडेही जमा करू नकोस. नोकरी देणाऱ्याने ती जरूर पडताळावीत. तुझ्यासमोर पाहून, स्वसाक्षांकित झेरॉक्स ठेवून घेऊन मूळ प्रती त्याच वेळी तुझ्या हातात परत द्याव्यात. ती त्यांच्या कपाटात अडकली, तर या दोन वर्षांत निघणाऱ्या कोणत्याही सरकारी भरतीत कागदपत्रांच्या पडताळणीला तुला उभे राहता येणार नाही, आणि पगार थकला किंवा ओळीने आठ-आठ नाइट लावल्या तरी तोंडातून शब्द काढण्याची सोय उरणार नाही. माझ्याकडे नंतर रुजू झालेल्या एका मुलीला आधीच्या ठिकाणी राहिलेली तिची गुणपत्रके सोडवून आणण्यासाठी जवळपास वर्षभर खेटे घालावे लागले होते, आणि त्या वर्षात हातातोंडाशी आलेली एक सरकारी जागा तिने गमावली. ते आठवले की आजही मला वाईट वाटते. पन्नास हजारांच्या अटीपेक्षा मला प्रमाणपत्रांची अट कितीतरी अधिक घातक वाटते.

सात हजारांविषयीही दोन शब्द सांगणे भाग आहे. महाराष्ट्रात हॉस्पिटलातील नोकरी किमान वेतनाच्या कायद्याखाली येते. दहा किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या आस्थापनेत एकवीस हजारांपर्यंत पगार असणाऱ्यांना राज्य विमा योजना, म्हणजे ईएसआय, लागू होते आणि वीस किंवा अधिक माणसे असतील तर भविष्य निर्वाह निधीही द्यावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडियाच्या याचिकेवर २९ जानेवारी २०१६ रोजी दिलेल्या निकालानुसार केंद्र सरकारने खासगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या वेतनाचा विचार करण्यासाठी एक समिती नेमली होती. पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही वेतन वीस हजारांहून कमी असू नये आणि दोनशेहून अधिक खाटांच्या रुग्णालयात ते सरकारी वेतनाच्या बरोबरीचे असावे, अशी शिफारस त्या समितीने केली. अंमलबजावणीचे काम राज्यांकडे गेले, आणि तालुक्याच्या गावी काय चालते ते तू पाहतेच आहेस. तरीही वीस हजारांचा हा आकडा तुला ठाऊक असावा असे मला वाटते, कारण सात हजार हीच आपली किंमत आहे असे मनाने एकदा मान्य केले की पुढच्या ठिकाणचे बोलणेही तिथूनच सुरू होते.

आता तुझ्या मुख्य प्रश्नाकडे वळते. तुटवडा खरा आहे आणि तुझे घरी बसणेही खरे आहे. दोन्ही एकाच कारणातून निघतात. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषाप्रमाणे शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी रात्रपाळीला तीस रुग्णांचा वॉर्ड दोघी सांभाळतात. अशा वॉर्डात नवी मुलगी आली की पहिले तीन महिने तिच्याजवळ कोणीतरी जाणती सिस्टर उभी राहावी लागते, आणि दोघींपैकी एक जण शिकवण्यात गुंतली तर रुग्णांकडे पाहायचे कोणी? शिकवण्यासाठी एक जादा माणूस नेमला तर त्याचा पगार व्यवस्थापनाला खर्च वाटतो. म्हणून दुसऱ्या कोणीतरी शिकवून तयार केलेली परिचारिका सगळ्यांनाच हवी असते आणि शिकवायला मात्र कोणीच पुढे येत नाही. एका खासगी रुग्णालयात अधिसेविका असताना मी स्वतः कित्येक वर्षे जाहिरातीत ‘एक वर्षाचा अनुभव’ ही ओळ लिहीत आले. शिकाऊ मुलींसाठी वेगळ्या जागा द्या, अशी मागणी मी व्यवस्थापनाकडे केली होती आणि ती नाकारली गेली. परंतु एकदा नकार मिळाल्यावर मी ती पुन्हा लावून धरली नाही, याची खंत मला आहे. तुझ्यासारख्या किती मुली ती ओळ वाचून दारातूनच परतल्या असतील, याचा हिशेब मी ठेवलेला नाही.

त्या ओळीमागे अधिसेविकेच्या मनात जे असते, ते तुला कळले पाहिजे. वर्ष मोजण्यात तिला फारसे स्वारस्य नसते. रात्री अडीच वाजता एखाद्या रुग्णाची प्रकृती बिघडली, तर ही मुलगी वेळेवर ओळखेल का, घाबरून लपवणार तर नाही ना, आणि आपल्याला काय येत नाही हे प्रामाणिकपणे सांगून मदतीला हाक मारेल का, एवढेच तिला जाणून घ्यायचे असते. याचा पुरावा तुझ्याजवळ आहे, फक्त तो तू अर्जात मांडलेला दिसत नाही. बी.एस्सी.च्या चार वर्षांत आणि इंटर्नशिपमध्ये तू मेडिसिन, सर्जरी, बालरुग्ण, प्रसूती, मानसोपचार आणि सामुदायिक आरोग्य अशा सर्व ठिकाणी ड्यूटी केलेली आहेस. लॉगबुक उघडून बस आणि एका पानावर नेमके लिही : कोणत्या वॉर्डात किती आठवडे, तो वॉर्ड किती खाटांच्या रुग्णालयातील, स्वतःच्या हाताने किती इन्ट्राकॅथ (सलाइनसाठी शिरेत घालायच्या नळ्या) लावले, किती कॅथेटर (लघवीच्या नळ्या) घातले, किती प्रसूतींत साहाय्य केले आणि किती स्वतः देखरेखीखाली केल्या. ‘मेहनती, प्रामाणिक, शिकण्याची तयारी’ ही वाक्ये प्रत्येक अर्जात असतात आणि ती कोणीही वाचत नाही. ‘प्रसूती विभाग, जिल्हा रुग्णालय, सहा आठवडे’ अशी ओळ दिसली की आम्ही थांबतो. संख्या लहान असली तरी खरीच लिही, कारण मुलाखतीत दोन प्रश्न विचारताच फुगवलेली संख्या उघडी पडते.

अर्ज पोहोचवण्याची पद्धतही बदल. संकेतस्थळावर भरलेला अर्ज मनुष्यबळ विभागाकडे जातो आणि तिथे अनुभवाच्या रकान्यात शून्य दिसताच तो बाजूला पडतो. नर्सिंग ऑफिसपर्यंत तो येतच नाही. सकाळचा हँडओव्हर आणि राउंड आटोपले की साडेदहा-अकराच्या सुमारास अधिसेविका किंवा तिची सहायक आपल्या खोलीत असते. स्वच्छ इस्त्रीचे कपडे घालून, फाइल घेऊन त्या वेळी स्वतः जा आणि स्वागतकक्षात ‘नोकरी आहे का’ असे न विचारता ‘नर्सिंग सुपरिंटेंडेंट मॅडमना भेटायचे आहे’ असे सांग. प्रत्येक ठिकाणी भेट मिळेल असे नाही. माझ्याकडे मात्र अशा आलेल्या मुलींपैकी काहींना मी ठेवून घेतले, कारण एखादी सिस्टर लग्नानिमित्त किंवा परदेशी जाण्यासाठी अचानक नोकरी सोडते आणि जागा त्याच आठवड्यात भरायची असते. अशा वेळी जाहिरात देण्याइतका अवधी नसतो. ज्या रुग्णालयात तुझी क्लिनिकल पोस्टिंग झाली होती, तिथे तर सर्वांत आधी जा. तिथल्या इन्चार्ज सिस्टरने तुला काम करताना पाहिले आहे, आणि ‘ही मुलगी चांगली आहे’ हे तिचे एक वाक्य माझ्यासारखीला दहा प्रमाणपत्रांहून अधिक सांगून जाते. कॉलेजातील क्लिनिकल इन्स्ट्रक्टरनाही फोन कर. त्यांच्या जुन्या विद्यार्थिनी ठिकठिकाणी इन्चार्ज झालेल्या असतात, आणि संकोचापायी आपल्या मुली हे सहसा विचारत नाहीत.

कौन्सिलच्या रजिस्ट्रेशनविषयी तू काहीच लिहिलेले नाहीस, त्यामुळे विचारते : महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडील नोंदणी झाली आहे ना? नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची पदवी कितीही चांगल्या गुणांची असली, तरी परिषदेच्या नोंदणीशिवाय कोणतेही नियमाने चालणारे रुग्णालय तुला परिचारिका म्हणून नेमू शकत नाही. एनएबीएच हे रुग्णालयांच्या दर्जाचे मानांकन असलेल्या ठिकाणी तर प्रत्येक परिचारिकेची नोंदणी तपासली जाते. ‘नंतर करू’ म्हणून ती राहिलेली असेल, तर आजच्या आज त्या कामाला लाग. ती दर पाच वर्षांनी नूतनीकृत करावी लागते, हेही लक्षात असू दे.

व्हेंटिलेटरचे उत्तर आले नाही म्हणून खंतावू नकोस. नव्या मुलीकडून ते कोणी पूर्णपणे अपेक्षित करत नाही. अशा वेळी ‘व्हेंटिलेटरवरील रुग्णाची काळजी मी इंटर्नशिपमध्ये पाहिली आहे, देखरेखीखाली सक्शन केले आहे, सेटिंग स्वतंत्रपणे हाताळलेली नाही’ असे सरळ सांगावे. ते ऐकून मी कोणाला कधी नाकारले नाही. नाकारले ते मूलभूत गोष्टी चुकल्या म्हणून. एक लिटर सलाइन आठ तासांत द्यायचे आहे आणि सेट मिलीलिटरला वीस थेंबांचा आहे, तर मिनिटाला किती थेंब ठेवशील, हा माझा ठरलेला प्रश्न असे, आणि ‘साधारण बेचाळीस’ हे उत्तर हातात कागद-पेन देऊनही अनेकींना येत नसे. सीपीआरमध्ये तीस दाबांनंतर दोन श्वास, मिनिटाला शंभर ते एकशे वीस या गतीने. प्रसूतीनंतर मिनिटभरात ऑक्सिटोसिन दहा युनिट स्नायूतून. रक्त चढवण्यापूर्वी दोघींनी मिळून पिशवीची आणि रुग्णाची ओळख पडताळणे. वापरलेली सुई पांढऱ्या डब्यात आणि रक्ताने भिजलेले ड्रेसिंग पिवळ्या पिशवीत. हे झोपेतून उठवून विचारले तरी यायला हवे. रोज सकाळी एक तास यासाठी दे. जमले तर बीएलएसचे, म्हणजे प्राथमिक जीवरक्षणाच्या प्रशिक्षणाचे, प्रमाणपत्र घेऊन टाक. ते दोन वर्षे चालते आणि आयसीयू किंवा कॅज्युअल्टीची जागा असेल तर त्याला वजन येते.

नोकरी निवडताना हॉस्पिटलचे नाव आणि पगार यांच्याआधी हे पाहा की पहिले तीन महिने तुझ्याजवळ कोण असणार आहे. मी १९८६ साली एका ग्रामीण रुग्णालयात रुजू झाले तेव्हा तिथल्या परिसेविका, म्हणजे वॉर्डच्या प्रमुख सिस्टर, पहिल्या पंधरा नाइट माझ्याबरोबर जागल्या होत्या. नाडी हाताने मोजल्याशिवाय त्या मला चार्टवर आकडा लिहू देत नसत. रुग्णालय लहान होते, सामग्री जुजबी होती, परंतु पुढची चौतीस वर्षे मी त्या पंधरा रात्रींच्या आधारावर काढली. म्हणून मुलाखतीत तूही विचार : रात्रपाळीला माझ्याबरोबर वरिष्ठ सिस्टर असेल का, ओरिएंटेशन किती दिवसांचे आहे, एका पाळीत किती रुग्ण असतील. हे विचारल्याचा राग आला, तर तो तुझ्यासाठी इशाराच समज. पन्नास ते शंभर खाटांचे, जिल्ह्याच्या ठिकाणचे, एखाद्या धर्मादाय संस्थेचे किंवा शिकवणाऱ्या कॉलेजला जोडलेले रुग्णालय नवख्या मुलीसाठी बहुधा सर्वांत चांगले, कारण तिथे रुग्णही पुष्कळ असतात आणि विचारायला माणसेही असतात. घरी जाऊन रुग्णसेवा पुरवणाऱ्या एजन्सींकडे कदाचित पगार थोडा अधिक मिळेल, पण पहिल्या वर्षी तिथे जाऊ नकोस. चुकले तर सांगायला तिथे कोणी नसते, आणि पुढे तो अनुभव रुग्णालयीन म्हणून धरतीलच याची खात्री नसते.

तालुक्याच्या त्या हॉस्पिटलला पूर्ण नकार दे, असे मी म्हणणार नाही, कारण हप्ते तुझ्या वडिलांना भरायचे आहेत, मला नाही. प्रमाणपत्रांच्या केवळ झेरॉक्स, लेखी नियुक्तिपत्र आणि पगार बँकेत, या तीन गोष्टी त्यांनी मान्य केल्या आणि पगाराची रक्कम किमान वेतनाला धरून वाढवली, तर तिथे जाण्यात कमीपणा नाही. मान्य केल्या नाहीत, तर वडिलांना माझे हे उत्तर वाचायला दे. सोडताना अनुभवपत्र घेशील, त्यावर रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, पद, विभाग आणि रुग्णालयाच्या खाटांची संख्या असलीच पाहिजे. खाटांची संख्या लिहून घेण्याचे आपल्या मुलींच्या लक्षात राहत नाही आणि पुढे नेमकी तीच विचारली जाते.

एक मोठे दार तर तुझ्यासाठी आजही उघडे आहे आणि तुझ्या पत्रात त्याचा उल्लेख नाही. एम्सच्या परिचर्या अधिकारी पदांसाठी होणाऱ्या नॉरसेट या सामायिक परीक्षेला बी.एस्सी. नर्सिंग झालेल्या आणि परिषदेकडे नोंदणी असलेल्या उमेदवाराकडून अनुभव मागितला जात नाही. त्या पदाची मूळ वेतनश्रेणी ४४,९०० रुपयांपासून सुरू होते आणि नागपूरचे एम्सही त्यात येते. राज्याच्या सेवेत अधिपरिचारिकेची, म्हणजे स्टाफ नर्सची, श्रेणी ३५,४०० पासून आहे. राज्याच्या भरती परीक्षेत नर्सिंगच्या विषयांबरोबर मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि बुद्धिमापन असते, आणि नर्सिंगमध्ये उत्तम असलेल्या मुली याच उरलेल्या भागात मागे पडतात. जिल्हा परिषदेच्या राष्ट्रीय आरोग्य अभियानातील कंत्राटी जागा आणि उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकाऱ्याची जागाही पाहा. या दुसऱ्या जागेला पंचवीस हजार मानधन आणि कामावर आधारित पंधरा हजारांपर्यंत मोबदला असे स्वरूप आहे; त्यासाठी समुदाय आरोग्याचा अभ्यासक्रम तुझ्या पदवीत समाविष्ट होता, असे पत्र कॉलेजकडून घेऊन ठेव. खासगी नोकरी लागली तरी या परीक्षांचा अभ्यास सोडू नकोस. आणि आठ महिने वाया गेले असे घरात कोणी म्हटले, तर मनाला लावून घेऊ नकोस. अनेक अधिसेविकांनी माझ्याप्रमाणेच जाहिरातीत ती एक ओळ लिहून ठेवली होती. त्यात तुझा दोष नाही.

प्रश्न : मी धुळे जिल्ह्यातील असून जीएनएम ही नर्सिंगची पदविका पूर्ण केली आहे आणि नोंदणीही झाली आहे. ज्या ज्या हॉस्पिटलमध्ये गेलो तिथे ‘आम्हाला सिस्टरच हव्यात, ब्रदर नकोत’ असे सांगण्यात आले. एका ठिकाणी तर वॉर्डबॉयचे काम कराल का, असे विचारले. हे क्षेत्र सोडून द्यावे का?

उत्तर : क्षेत्र सोडू नका. तुम्हाला वॉर्डबॉयचे काम विचारले गेले हे वाचून मला संताप आला. तीन वर्षांचे प्रशिक्षण घेतलेल्या, परिषदेकडे नोंद असलेल्या परिचारकाचा तो अपमान आहे, आणि त्या कामाला होकार देणे म्हणजे पुढच्या अनुभवपत्रावर स्वतःच्या हाताने चुकीचे पद लिहून घेणे आहे.

जनरल आणि प्रसूती वॉर्डात महिलांना प्राधान्य मिळते, हे खरे आहे. एम्सच्या भरतीतही ऐंशी टक्के जागा महिलांसाठी आणि वीस टक्के पुरुषांसाठी असतात. म्हणून तुम्ही अर्ज करताना ‘स्टाफ नर्स’ एवढेच न लिहिता विभागाचे नाव लिहा. कॅज्युअल्टी, आयसीयू, ऑपरेशन थिएटर, अस्थिरोग, डायलिसिस आणि मानसोपचार या विभागांत ब्रदरची गरज अधिसेविकांना मनापासून वाटते. रुग्णाला उचलून फिरवणे, भांबावलेल्या किंवा हिंसक झालेल्या रुग्णाला सांभाळणे, पुरुष रुग्णांची कॅथेटर आणि अंघोळीची कामे, ही रोजची निकड असते. माझ्या कॅज्युअल्टीत दोन ब्रदर होते आणि त्यांच्यापैकी एक सुट्टीवर गेला की इन्चार्ज सिस्टर माझ्याकडे तक्रार घेऊन येत असे. ठाणे, पुण्यातील येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांच्या जाहिरातींवरही लक्ष ठेवा.

आणखी एक जागा अशी आहे जिची आठवण फार थोड्यांना होते. पाचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात सुसज्ज प्रथमोपचार कक्ष आणि त्यासाठी वैद्यकीय व परिचर्या कर्मचारी ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे. चाकण, अंबड, बुटीबोरी अशा औद्योगिक वसाहतींत या जागा निघतात, तिथे पुरुषांना अडचण येत नाही आणि पगार वेळेवर मिळतो. मात्र इथे मी तुम्हाला सावध करते. तुम्ही जीएनएम आहात, आणि नॉरसेटसारख्या परीक्षेला बसण्यासाठी जीएनएम उमेदवाराला किमान पन्नास खाटांच्या रुग्णालयातील दोन वर्षांचा अनुभव लागतो. कारखान्यातील वर्षे त्यात धरली जाणार नाहीत. त्यामुळे वय हातात असेपर्यंत आधी पन्नास खाटांहून मोठ्या रुग्णालयात, कमी पगारावर का होईना, दोन वर्षे काढा. कारखान्याचा विचार त्यानंतर करा. घरची ओढाताण फार असेल आणि कारखान्यात जावेच लागले, तर जीएनएमनंतर करता येणाऱ्या पोस्ट बेसिक बी.एस्सी.चा विचार मनात ठेवा, कारण त्या पदवीनंतर परीक्षेची वाट निराळी होते.

प्रश्न : ताई, आम्ही सोलापूरकडचे. मुलीने शेजारच्या कर्नाटकातून बी.एस्सी. नर्सिंग केले. इकडे महाराष्ट्रात नोकरी मिळेना. एक एजंट म्हणतो की अडीच लाख रुपये द्या, दोन महिन्यांत आखाती देशात पाठवतो, अनुभवाचे पत्रही आम्हीच तयार करून देऊ. पासपोर्ट त्याच्याकडे द्यायला सांगतो. काय करावे?

उत्तर : भाऊ, पासपोर्ट दिला असेल तर आजच परत मागा आणि पैसे मुळीच देऊ नका. परदेशी नोकरीसाठी पाठवणाऱ्या एजंटाला भारत सरकारकडे नोंदणी करावी लागते आणि उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून तीस हजार रुपये व त्यावरील जीएसटी यापेक्षा अधिक रक्कम घेण्यास त्याला मनाई आहे. तो नोंदणीकृत आहे की नाही, हे ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर पाहता येते. परिचारिकांसाठी तर २०१५ पासून नियम अधिक कडक झाले. आखाती देशांसह अठरा देशांत नोकरीला जाताना, पदवीधर असली तरी, परिचारिकेला स्थलांतराची सरकारी परवानगी घ्यावी लागते. पर्यटक व्हिसावर आधी नेतो, तिकडे गेल्यावर कामाचा करून देतो, असे हा माणूस पुढे म्हणेल; त्यालाही नकार द्या.

त्याहून मोठा धोका त्या खोट्या अनुभवपत्राचा आहे. तिकडील परवाना देणाऱ्या यंत्रणा मुलीचे प्रत्येक प्रमाणपत्र ते देणाऱ्या संस्थेकडे पाठवून तपासतात. खोटे निघाले तर तिची पदवी खरी असूनही परवान्याचे दार तिला बंद होऊ शकते, आणि तेव्हा एजंट फोनही उचलणार नाही. शिवाय, समजा, ते पत्र तपासणीतून सुटले. मग एकही रात्र वॉर्ड स्वतंत्रपणे न सांभाळलेली तुमची मुलगी परक्या भाषेच्या मुलखात दोन वर्षांची अनुभवी म्हणून रुग्णाजवळ एकटी उभी राहील. वडील म्हणून आणि त्या रुग्णाचाही विचार करून, हे तुम्हाला चालणार नाही याची मला खात्री वाटते.

महाराष्ट्रात नोकरी का मिळेना, याचे कारण बहुधा कागदपत्रांतच आहे. मुलीची नोंदणी कर्नाटकच्या परिषदेकडे झाली असेल. तिथून ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी करून घ्यावी लागते, आणि ती होईपर्यंत इथली रुग्णालये हात आखडतात. अर्ज करताना कॉलेजचे मान्यतापत्र, चारही वर्षांची गुणपत्रके आणि मूळ नोंदणी सोबत ठेवा. एक कागद कमी असला की प्रकरण महिना-महिना मागे पडते. तोपर्यंत तिला घरी न बसवता, कर्नाटकातील ज्या रुग्णालयात तिची पोस्टिंग झाली होती तिथे विचारायला सांगा, कारण तिथली नोंदणी तिच्याकडे आहे आणि तिला ओळखणारी माणसेही तिथेच आहेत. विजयपूर, कलबुर्गी सोलापूरपासून फार लांब नाहीत. बहुतेक आखाती रुग्णालये दोन वर्षांचा अनुभव मागतात. ती दोन वर्षे तिने खरोखर काम करून मिळवली, तर पुढे परदेशी जाण्यास माझाही विरोध असणार नाही. एजंटाने पासपोर्ट परत देण्यास टाळाटाळ केली, तर जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि तिची पोच घेऊन ती सांभाळून ठेवा.